आगगाडीच्या डब्यात राहणारा संघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

डेट्रॉइटच्या बेसबॉल मैदानावर जॅकी रॉबिन्सनचा 42 नंबर पाहिलास आणि मग त्याच्याबद्दल वाचत बसलीस, हे ऐकून फार बरं वाटलं. पण 1947 साली तो मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या स्पर्धेत आला म्हणून त्याआधी कुणी काळा खेळाडू नव्हताच, असं समजू नकोस. होते, त्यांना बाहेर काढलं. मोझेस फ्लीटवुड वॉकर 1884 मध्ये टोलीडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला होता. 1887 मध्ये त्याखालच्या दर्जाच्या इंटरनॅशनल लीगमधल्या संघमालकांनी ठरवलं, यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार नाहीत. बड फाउलर तर 1878 पासून पैसे घेऊन खेळत होता. बिंगहॅम्टनकडून खेळताना त्याच्याच संघातल्या गोऱ्यांनी त्याच्याबरोबर खेळायला नकार दिला.

फाउलरने आणि ग्रँट जॉन्सन या दुसऱ्या काळ्या खेळाडूने मिळून 1895 मध्ये काळ्या खेळाडूंचा संघ उभा केला, तोही तुझ्या मिशिगनमध्येच, एड्रियन गावात. शेतांना तारेचं कुंपण बनवणाऱ्या पेज कंपनीने पैसा घातला, म्हणून नाव 'पेज फेन्स जायंट्स'. कंपनीला जाहिरात हवी होती, यांना खेळायला मिळत होतं.

त्यांचा स्वतःचा रेल्वेचा डबा होता, साठ फुटी. आत झोपायला बर्थ, सोबत स्वयंपाकी. वाचताना आधी थाटच वाटतो. पण गावोगावची हॉटेलं यांना खोली देत नसत, जेवायला बसू देत नसत. मग झोपायचं कुठे, खायचं काय? डब्याशिवाय हा संघ फिरूच शकला नसता. गाडी थांबली की गणवेश घालून सायकलींवरून गावात फेरी मारायची, म्हणजे माणसं सामना बघायला मैदानावर येत. ज्या गावात रात्री टेकायला जागा नाही, तिथेच दिवसा एवढ्या उमेदीने मिरवणूक काढायची! मला हे फार लागतं गं.

आणि खेळत कसे! पहिल्या वर्षी 118 सामने जिंकले, 36 हरले. फाउलर मात्र तो हंगाम संपायच्या आतच दुसरीकडे गेला. 1896 मध्ये क्यूबन एक्स-जायंट्सला 15 सामन्यांच्या मालिकेत 10-5 असं हरवलं. नावात क्यूबा असलं तरी तेही अमेरिकेतलेच काळे खेळाडू. 1898 नंतर संघ मोडला आणि बरेचसे खेळाडू शिकागोच्या कोलंबिया जायंट्सकडे गेले. जेमतेम चार हंगाम.

त्यांच्यातलाच एक चार्ली ग्रँट. 1901 मध्ये बाल्टिमोर संघाचा मॅनेजर जॉन मॅक्ग्रॉ याने त्याला चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ जमातीचा 'टोकोहामा' म्हणून संघात घ्यायचा घाट घातला. तो काळा असल्याचं बिंग फुटलं आणि त्याला मोठ्या लीगमध्ये एकही सामना मिळाला नाही. इतका चांगला खेळाडू, आणि आत शिरायचं तर आपली माणसंच नाकारायची! मला अजून संताप येतो.

अ‍ॅन आर्बरहून एड्रियन गाडीने तासाभरावर आहे. बर्फ पडायच्या आत एखाद्या शनिवारी जाऊन ये. तिथे लेनावी काउंटीचं म्युझियम आहे, त्या डब्याचा फोटो आहे का ते विचार. मिळाला तर लगेच पाठव. आजीलाही दाखवायचा आहे.

तुझी,
आई