चंद्रीची आठवण आणि खाऱ्या वाऱ्यातले घोडे

बाल्टिमोर
रविवार, रात्र

प्रिय बंड्या,

फोनवर सांगितलं असतं, पण हे सांगताना टांग्याच्या घोडीचा, आपल्या चंद्रीचा विषय निघणारच, आणि तिचं नाव काढलं की तू फोनवर गप्प होतोस. म्हणून लिहितोय.

काल आम्ही तिघं असाटीगला जाऊन आलो. इथून गाडीने तीनेक तास. अटलांटिकच्या काठाने गेलेलं, जवळजवळ साठ किलोमीटर लांबीचं वाळूचं बेट; वरचा भाग मेरीलँडमध्ये, खालचं टोक व्हर्जिनियात. तिथे घोडे मोकळे राहतात. लगाम नाही, खरारा नाही, तबेला नाही.

ऊन चढलं तसे ते टेकाडामागून पुळणीवर आले. सात जण. पुढची घोडी अबलख, तांबूस अंगावर पांढरे मोठे पट्टे, आणि तिच्या पोटाला चिकटून शिंगरू. पाण्याच्या कडेला येऊन नुसते उभे राहिले. आत दलदलीत डास आणि गोमाशा सोडत नाहीत, इथे वाऱ्यामुळे त्या अंगावर टिकत नाहीत. घोडीच्या आयाळीचे केस खाऱ्या वाऱ्याने चिकटून अगदी सुंभासारखे झाले होते. पोटं तर अशी टम्म की मला सगळ्याच गाभण वाटल्या! पण ते खाऱ्या गवताचं काम. खातात ते खारं, मग पाणी पितात आपल्या घोड्यांच्या दुपटीने, आणि पोट फुगलेलं दिसतं.

बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आले, असं लोक रंगवून सांगतात. मला दुसरी हकिकत पटते. सतराव्या शतकात किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी कुंपणाचा खर्च आणि जनावरांवरचा कर चुकवायला घोडे या बेटावर आणून सोडले. त्यांचीच ही पिलावळ.

आणि तेवढ्यात आमच्या लेकीने पिशवीतून सफरचंद काढलं. मी तिचं मनगट धरलं. चाळीस फुटांच्या आत जायचं नाही आणि काहीही खायला घालायचं नाही, असा तिथला नियम आहे. हाताची चव लागली की घोडे रस्त्याकडे येतात आणि गाड्यांखाली सापडतात. चिप नावाचा एक घोडा होता. तंबूवाल्यांच्या खाण्याला इतका सोकावला की माणसांच्या अंगावर जायला लागला. शेवटी २०२२ मध्ये त्याला पार टेक्सासला नेऊन ठेवावं लागलं. समुद्राकाठी जन्मलेला घोडा, बंड्या! कुणीतरी मायेनंच दिलं असेल रे पहिल्यांदा.

लेक रडवेली झाली. तिला समजावताना माझ्या तळहाताला चंद्रीचा ओठ आठवत होता. मिरज स्टेशनबाहेर टांगा उभा असायचा, आपण चंदीच्या पिशवीतले हरभरे चोरून तिला भरवायचो, आणि अण्णा बघून न बघितल्यासारखं करायचे. ती संध्याकाळ झाली की आपल्या वाटेकडे डोळे लावायची. यांनी मात्र आमच्याकडे एकदाही मान वळवली नाही. बरं वाटलं ते बघून, आणि थोडं लागलंही.

सोबत फोटो पाठवतोय. अण्णांना दाखव. ते आधी खुरंच बघतील. नाल न ठोकता ती इतकी नीट कशी राहिली असतील, ते त्यांना विचारून मला लगेच कळव.

तुझा,
राजा