आई-बाबा, आता 'कायमचे इकडे या' म्हणणार नाही

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलायचं होतं. पण फोनवर बाबा 'बरं, बघू' म्हणतात आणि आईच्या हातात देतात, आणि आई, तू माझा आवाज ऐकून आधी मी थकलेय का तेच विचारत बसतेस. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा आणि शेवटपर्यंत वाचून झाल्यावरच मला फोन करा.

तिथलं घर बंद करून तुम्ही आमच्याकडे राहायला यायचं, हा विषय मी आता संपवलाय. दादाशी बोलून झालंय. त्याला पटायला वेळ लागला, पण पटलंय. जिन्याच्या पायरीवर बाबांचा तोल गेला, त्या प्रकारानंतर मी रोज तेच टुमणं लावलं होतं, ते आता लावणार नाही.

आई, हे वाचून तुझ्या मनात पहिलं काय येईल ते मला ठाऊक आहे. तसं काही नाही गं. इकडची खोली तुमचीच आहे. खाटेची उंची बाबांच्या गुडघ्यांना जमेल अशी करून घेतलीय, न्हाणीघरात धरायला दांडा लावलाय, खिडकीशी तुझी खुर्ची आहे आणि तिच्यामागे वाचायचा दिवा. त्या खोलीत दुसरं काही ठेवायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय. हवं तेव्हा या, हवं तितकं राहा. फक्त परत जायचं तिकीट काढताना आता मी रुसणार नाही.

गेल्या वेळी तुमच्याकडे आले तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी होते. निळी शाई बाबांची, हिरवी आईची, आणि महिन्यात एक चौकोन कोरा नाही. शेजारच्या मुलांचं गणित, वाचनालयातला गोष्टींचा तास, गाण्याची तालीम, बागेतली कलमं, रक्तदान शिबिराची बैठक, नातीचा फोन. नातीचा फोनसुद्धा शाईने लिहिलेला! मला एकदम वाटलं, हे सगळं मी कुठल्या खोलीत मांडणार आहे? इकडे आम्ही दोघं सकाळी निघतो ते संध्याकाळी उगवतो, पोरगी शाळेत. शेजारी भले आहेत, पण त्यांना तुमची नावंही माहीत नाहीत. दिवसभर दार लावून तुम्ही आमची वाट बघत बसायचं, आणि मी त्याला काळजी घेणं म्हणायचं? नको.

बाबा, हार्वर्डच्या त्या अभ्यासाबद्दल तुम्हीच मला पहिल्यांदा सांगितलं होतंत. १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा माग काढत आलेले लोक शेवटी एवढंच सांगतात, की ज्यांची माणसांशी नाती घट्ट, ती माणसं जास्त सुखी आणि जास्त निरोगी राहतात. तुमची नाती तिथे आहेत. चाळीस वर्षांत विणलेली ती वीण उसवून तुम्हाला इकडे नव्याने टाके घालायला लावायचे, यासाठी मन तयार होईना. मी जबाबदारी झटकतेय असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. तुम्ही तसं समजू नका, एवढंच माझं मागणं आहे.

आणि बाबा, दुर्बीण. इकडच्या आकाशात दिव्यांच्या उजेडामुळे चार तारे दिसतात. त्या दुर्बिणीचा आरसा तुम्ही पिंपाभोवती गोल गोल फिरत घासलात आणि मी तुमच्या मागे, तुमच्या शर्टाचं टोक धरून. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची पूड, आणि तो किर्र आवाज. 'पूड संपली की सांग' हे माझं काम होतं आणि मला ते फार मोठं काम वाटायचं. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू दिसला, तेव्हा मला खांद्यावर घेऊन गच्चीत उभे राहिला होतात. मी झोपले तरी खाली उतरवलं नाहीत. त्या खांद्यांना आता मी 'जिना चढू नका' म्हणून सांगावं, हे मला जमत नाही. म्हणून जिनाच नीट करतेय.

आता ऐका. माझं सगळं मानलंत तुम्ही आजवर, हेही मानायचं.

तुम्ही जिन्यातला दिवा का लावत नाही ते मला कळतं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या दिव्याने ते क्षणात बिघडतं. पण अंधारात ज्या पेशी काम करतात त्यांना गडद लाल उजेड जवळजवळ जाणवतच नाही, हेही तुम्हीच मुलांना शिकवता ना? मग जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला मंद लाल दिव्यांची पट्टी लागणार आहे, आणि दोन्ही बाजूंना कठडा. आगाऊ पैसे दिलेत, तेव्हा 'कशाला उगाच' म्हणू नका.

दुर्बिणीची नळी आणि तळ एकट्याने वर न्यायचं बंद. गणिताला येणारी ती दोन उंच मुलं आहेत, ती आनंदाने नेतील. त्यांना हक्काने सांगा. शनी क्षितिजाजवळ असला की नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, खाली येते आणि तुम्ही वाकून, उकिडवे बसून मुलांना दाखवत राहता, मग कुणीतरी हाक मारली की ताडकन उठता. बीपीच्या गोळ्या चालू असताना असं उठलं की रक्तदाब एकदम खाली येतो. पायरीच्या प्रकाराआधीही तुम्ही असेच उठला होतात, आईने मला सांगितलंय. उंची बदलता येणारं स्टूल पाठवलंय, त्यावर बसूनच बघायचं. उठताना आधी पाय हलवा, काहीतरी धरा, मिनिटभर थांबा, मग चाला. आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा, की बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एकदा, असं दोनदा बीपी मोजा. चक्कर येते हे त्यांच्यापासून लपवू नका. गोळ्या मात्र मनाने कमी करायच्या नाहीत.

फेरफटका रोजचा आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगितलंय. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. दोघांनी करायचं. आई, तू मोज आणि बाबांना सोडू नकोस.

आई, तुझी वेगळी तक्रार आहे माझी. कानाचं मशीन तालमीच्या आधी काढून डबीत ठेवतेस, कारण सूर चिरके ऐकू येतात. त्यात मशीनचा दोष नाही आणि तुझ्या कानाचाही नाही. ही मशीनं मुळात बोलणं ऐकायला जुळवलेली असतात. बऱ्याच मशीनांत संगीतासाठी वेगळी जुळणी करून मिळते. जिथून घेतलं तिथे जाऊन 'मी गाते' असं स्पष्ट सांग. लाजू नकोस. कमी ऐकू येणं तसंच सोडलं तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे तज्ज्ञ वारंवार सांगताहेत. पण मला जास्त भीती दुसरीच वाटते. ऐकू येत नाही म्हणून तू बैठकीत नुसती हसून मान हलवतेस, ते मी पाहिलंय. ज्या बाईच्या एका वाक्यावर अख्खी बैठक गप्प व्हायची, तिने नुसती मान हलवायची नाही. मशीन लावायचं.

दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही, दोघांपैकी कुणीही. तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं, वयाबरोबर तहान कमी जाणवते. शिबिराच्या कामातून बाबांनी एक तरी जबाबदारी दुसऱ्याला द्यावी. सगळं सोडा असं मी म्हणत नाही. फक्त एकाच दिवशी तीन ठिकाणी धावू नका. दुपारची झोप हिरव्या शाईने कॅलेंडरवर लिहा, म्हणजे तीही पाळाल.

मी दर महिन्याला येणार आहे. कामावर तसं कळवून टाकलंय. शनिवारी मी तुमच्यासोबत तालमीला आणि गच्चीवर येईन, मला पाहुणी समजून कुठलाही कार्यक्रम रद्द करायचा नाही.

बाबा, तुमच्या नातीने २०२५ मध्ये शनी बघून 'कडी कुठे गेली?' म्हणून तोंड पाडलं होतं. तुम्ही तिला सांगितलंत, की कडी आपल्याकडे धार करून उभी आहेत, २०३२ च्या सुमाराला पूर्ण उघडतील. तिने ते वहीत लिहून ठेवलंय आणि पुढे तुमचं नाव. तेव्हा तुम्ही ऐंशीचे असाल. दाखवायला तुम्हीच हवे आहात, हे लक्षात ठेवून जिना चढा.

बुधवारी सकाळी कठड्याचे कारागीर येतील. आई, त्या दिवशी तू घरी थांब. बाबा एकटे असले तर त्यांना चहा पाजून परत पाठवतील.

तुमची,
धाकटी