आतल्या बाजूचे चार आकडे

सोलापूर,
२४ मे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला असं तुझी आई म्हणते. मला वाटत होतं तू ठेवलास. ती जवळच उभी होती, तेव्हा तिचंच खरं असणार. चुकलं माझं. ३१ वर्षं वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय, ती अजून जात नाही. समोरच्याला वाटतं हा माणूस भांडतोय. म्हणून हातानं लिहितोय. दादा संध्याकाळी दुकानातून आला की फोटो काढून तुला पाठवेल.

आधी एक सांगून टाकतो. तू जा. न्यू जर्सी ते लॉस एंजेलिस एकटी जाणार म्हणालीस तेव्हा मी गप्प झालो, ते नको म्हणायला नव्हे. मनात हिशोब चालला होता. साडेचार हजार किलोमीटर. सोलापूर-पुणे अडीचशे धरलं तर १८ खेपा. आमच्या डेपोच्या ड्रायव्हरला दोन आठवडे लागले असते, तू आठ दिवसांत करणार. नवीन नोकरी आहे, तारीख ठरलेली आहे, गाडी ट्रेलरवर टाकून पाठवायची नाही, तिच्यातूनच जायचं, हे सगळं मला कळतं. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. हे परवा बोलायला हवं होतं. त्याऐवजी भलतंच बोललो.

टायरचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तू ती लाल माझदा मियाटा गाडी घेतलीस तेव्हा आई म्हणाली, पोरगीनं एसटीच्या रंगाची गाडी घेतली. व्हिडिओवर तू दिवे लावलेस आणि ते बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर आले, तेव्हा अक्का किती हसली होती! दुसऱ्या दिवशी परत दाखवायला सांगितलं तिनं. ९४ सालची गाडी, म्हणजे तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तेव्हा काही बोललो नाही, पण स्टँडवर जाऊन कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगून आलो. आणि हिवाळ्यात तू तिचा टायमिंग बेल्ट स्वतः काढून नवा टाकलास, वॉटर पंपासकट, तेव्हा परत जाऊन सांगितलं. ६० हजार मैलांना बदलायचा बेल्ट तू ५८ हजारालाच बदललास. वर मलाच सांगत होतीस की अप्पा, या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. तरीही वेळेआधी बदललास. मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं तेवढं तुझ्या डिग्रीच्या वेळीही वाटलं नव्हतं. हे कधी बोललो नव्हतो.

पण ५८ हजार मैल म्हणजे ९३ हजार किलोमीटर, आणि वय ३० च्या वर. वर्षाला धड ३ हजार किलोमीटरसुद्धा नाहीत. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांकडून तू घेतलीस, त्यांच्या गॅरेजात ती उभीच होती. लोकांना कमी चाललेली गाडी चांगली वाटते. वर्कशॉपमध्ये आमचं उलट असायचं. रोज रूटवर जाणारी गाडी आल्या आल्या सांगते, काय दुखतंय ते. दोन महिने उभी राहिलेली गाडी काही सांगत नाही, आणि बाहेर काढली की मोहोळपर्यंतही नेत नाही. लोखंडाला चालून झीज लागते, रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. होज पाइप, ऑइल सील, ब्रेकचे रबर. आणि टायर.

आलंच बघ शेवटी.

बरं, रेडिएटर. त्याच्या वरच्या टाकीचं प्लास्टिक मुळात काळं असतं. उष्णता खाऊन तपकिरी पडलं असेल तर ते कुरकुरीत झालेलं असतं, चढावर फुटायला वेळ लागत नाही. तपकिरी असेल तर निघायच्या आधीच बदल. क्लचचा खालचा सिलिंडर तू गेल्या वर्षी बदललास, पण पुसून बघ, ओलावा येतोय का. फ्यूज, एक जादा पट्टा, पाच लिटर पाणी. आईनं सांगितलंय की कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अजून शिल्लक असेल तर गाडीत ठेव, कडक भाकरीला काही होत नाही.

तू पाठवलेला रस्ता मी दादाच्या मोबाइलवर बोट ठेवून ठेवून बघितला. डेन्व्हरच्या पुढे तो आयझेनहॉवर बोगदा आहे ना, तो ३,४०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवल्यावर तू गाडी घेऊन बोगद्यात शिरणार. हवा विरळ, गाडीचा जोर कमी पडेल, घाबरू नकोस. तिला काही झालेलं नसेल, दम लागलेला असेल एवढंच. खरं जपायचं ते बोगद्यातून बाहेर पडल्यावर, उतारावर. ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणाऱ्याचे ड्रम लाल झालेले मी बोरघाटात बघितलेत. तुझे डिस्क आहेत, पण तापणं दोघांनाही चुकत नाही.

नंतर युटामध्ये ग्रीन रिव्हर ते सलायना, ११० मैल एकही पेट्रोल पंप नाही. १७५ किलोमीटर. सोलापूरहून निघून भिगवण ओलांडून पुढे गेलं तरी वाटेत काहीच नाही, असं समज. ग्रीन रिव्हरला टाकी अर्धी असली तरी भर. ४८ लिटरची टाकी आहे, पेट्रोल पुरेल. मला पेट्रोलची काळजी नाही. तिथे उन्हात, बाजूला कुणी नसताना, चाकाला काही झालं तर डिकीतली ती सायकलसारखी बारीक स्टेपनी काढायची आणि तिच्यावर तासाला ८० किलोमीटरच्या आतच जायचं, हे डोळ्यासमोर येतं.

मनू, स्टेपनीचा फोटो तू पाठवलास त्याच रात्री मी फोन केला होता. तुला वाटलं मी उगाच ओरडतोय. त्या फोटोत शेवटी तीनच आकडे आहेत. शून्य, आठ, चार. २००० सालापासून टायरवर चार आकडे येतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्याआधी तीन असायचे. शून्य आठ चार म्हणजे ९४ सालचा आठवा आठवडा. ती स्टेपनी गाडीबरोबर कारखान्यातून आलेली आहे, एकदाही जमिनीला लागलेली नाही, आणि तिची नक्षी अजून नवीकोरी असणार. तुझं म्हणणंही तेच होतं ना, अप्पा, नक्षी भरपूर आहे.

तुला बापूकाकाचा अपघात आठवत असेल. तू ७ वर्षांची होतीस, सिव्हिलच्या व्हरांड्यात माझ्या मांडीवर झोपली होतीस. जीप घेऊन तो तुळजापूरच्या खेपा करायचा. तामलवाडीच्या अलीकडे पुढचा डावा टायर फुटला आणि जीप चारीत गेली. त्याआधी १३ वर्षं त्यानं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलली होती. पांढरी बाराबंदी घालून ६८ लिंगांच्या वाटेवर काठी घेऊन तो चालायचा तेव्हा अक्का गर्दीतून वाट काढत त्याच्या मागे मागे असायची. त्या पायावर नंतर काठी पेलणं झालं नाही. आता संक्रांतीला तो चौकात खुर्ची टाकून बसतो आणि सातही नंदीध्वज जाईपर्यंत उठत नाही.

एवढं तुला माहीत आहे. एक माहीत नाही. तो टायर मी बसवला होता.

रविवार होता. बापूनं कुणाकडून तरी जुना टायर घेतला होता, परदेशी बनावटीचा, नक्षी बोट आत जाईल एवढी. मी हात फिरवला, म्हणालो झकास आहे, आणि आपल्या अंगणात बसवून दिला. डेपोत हजारो टायर हातून गेले, प्रत्येकाचा नंबर वहीत लिहिला, आणि सख्ख्या भावाच्या टायरची बाजू पुसून बघितली नाही. अपघातानंतर तो फाटलेला टायर मीच रिमवरून उतरवला. तेव्हा आकडे दिसले. आतल्या बाजूला होते. तीन आकडे. दोन सात तीन. ९३ सालचा, म्हणजे १० वर्षांचा.

बापूला मी हे सांगितलंय. तो म्हणाला, तू बसवला नसतास तर मी दुसऱ्याकडून बसवून घेतला असता. तो विषय त्यानं तिथेच संपवला. माझ्या मनातून काही जात नाही.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. लिहायचंच नव्हतं खरं तर.

फोनवर तू मला त्या ॲलिस रॅमसेची गोष्ट सांगितलीस. १९०९ साली, २२ वर्षांची बाई, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटार चालवत गेली, ५९ दिवसांत, बरोबरच्या तिघींपैकी एकीलाही गाडी चालवता येत नव्हती. मला धीर यावा म्हणून सांगितलंस, कळतं मला. पण त्यातच तू म्हणालीस की वाटेत तिनं ११ टायर बदलले. तेव्हापासून माझ्या डोक्यात तो ११ चा आकडाच बसलाय. शाबास त्या बाईची. ११ वेळा खाली वाकून टायर बदलायचा आणि परत निघायचं. तुझ्यात ते आहे, मी बघितलंय. तिसरीत असताना डबा घेऊन डेपोत यायचीस आणि बसच्या टायरवरचे नंबर मोठ्यानं वाचायचीस, मी वहीत लिहायचो. एकदा मी चुकीचा लिहिला तर तू थांबवलंस, अप्पा, सहा नाही, आठ. ती वही पुढे बरेच दिवस माझ्याकडे होती.

आता थोडं ऐकून घे, मग परत नाही बोलणार. पुढच्या दोन टायरचे आकडे तू पाठवलेस, ३४१८. २०१८ चा चौतिसावा आठवडा. बऱ्याच गाडी कंपन्या ६ वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, टायरवाले म्हणतात १० च्या पुढे नकोच. मागच्या दोन्हींवर आकडेच नाहीत असं तू म्हणालीस. आहेत. पूर्ण नंबर बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, आणि बसवणाऱ्यानं ती बाजू आत घातली की बाहेरून दिसत नाही. मागचे टायर कधीचे आहेत हे आज तुलाही माहीत नाही आणि मलाही. आणि ती गाडी मागच्याच चाकांवर ओढते. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची, चारही चाकांत २६ पौंड, स्टेपनीत ६०. हवा कमी असली की टायर वाकतो, वाकला की तापतो, आणि जुनं रबर तापलं की आतले थर सुटायला लागतात. पंपावर दोन मिनिटं हात लावून बघायचं, चारातला एक जास्त गरम लागला तर पुढे जायचं नाही. आणि कधी फुटलाच, तर ब्रेकला पाय लावायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, गाडीला तिच्या तिच्यानं मंद होऊ द्यायचं, मग उजवीकडच्या कडेला घ्यायची. बापूनं ब्रेक दाबला होता.

झालं. परत वर्कशॉपचा साहेब झालो. माफ कर.

पैशाचं बोललो ते तुला लागलं, हे आईनं नंतर सांगितलं. घर बदलायचं, डिपॉझिट भरायचं, त्यात चार टायर म्हणजे खर्च आहे हे मला दिसत होतं म्हणून म्हणालो. तुला कमी लेखून नाही. तू कमावतेस, दादाच्या दुकानाला तू हात दिलास, हे मी विसरलेलो नाही. पण बापानं लेकीच्या गाडीला टायर घेऊन दिले तर त्यात वाईट काय? मी आयुष्यभर दुसऱ्यांच्याच गाड्यांना टायर लावले. आपल्या घरात गाडी आली ती ही पहिली. एवढं माझ्याकडून राहू दे. नकोच असेल तर नको, पण रागावून नको म्हणू नकोस.

बापूला काल तुझा बेत सांगितला. मला वाटलं तो तरी माझ्या बाजूनं बोलेल. म्हणाला, जाऊ दे की पोरीला, आणि तो डोंगर आला की मला फोटो पाठव म्हणावं. मग थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, टायर बघितलेत का रे तिनं?

आई म्हणते रात्री चालवू नको आणि मोटेलचं दार आतून नीट लावून घे. मला त्यात भर घालायची नाही.

मागच्या दोन चाकांचे आकडे बघायला गाडी जॅकवर घेऊ नकोस, सपाट जागी हँडब्रेक लावून उभी कर. आईनं दिलेली निळी चादर खाली अंथर, मोबाइलची बॅटरी लाव, आणि आत तोंड घालून टायरची आतली कड ओल्या फडक्यानं पूस. चार आकडे सापडले की फोटो काढ. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर त्यांचाही काढ, मला दाखवायच्या नाहीत म्हणून वगळू नकोस.

पहिल्या गाडीच्या वेळेला, पहाटे ४ ला, मी अजून जागा होतो. तुझ्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, उजेड असतो. उद्या जमलं तर त्या वेळेला पाठव. मी चष्मा उशाशी ठेवून झोपतोय.

तुझे,
अप्पा