तू फोनवर अर्धं सोडलेलं वाक्य

खणभाग, सांगली
८ फेब्रुवारी

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू "म्हणजे आता तू परत..." म्हणालास आणि पुढचं गिळलंस. वर रेंज गेल्याचं नाटक. पिंपरीत रेंज जात नाही, लगा. राग आला नाही, पण तोंडी सांगायला बसले तर रडू येईल म्हणून लिहिते. कागद मापाच्या वहीतलाच आहे, मागं कुणाचं माप दिसलं तर वाचू नकोस.

तर, नाही. परत पोरगा व्हायचं नाही, कुठं जायचं नाही. छातीतलं सिलिकॉन काढलं, मी आहे तिथंच आहे.

२०१४ ला मुंबईत बसवलं ते तुला ठाऊक आहे. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाचा तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा निकाल आला आणि दिवाळीनंतर मी होते नव्हते ते पैसे त्यात घातले. वाटलं, जन्माची सोय झाली. पण ही वस्तू जन्मभराची नसतेच. शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती स्वतःचं पातळ आवरण तयार करतं, सगळ्यांचंच करतं. काहींचं ते आवळत जातं. माझी डावी बाजू दीड वर्षात कवठासारखी टणक झाली, वर सरकली. मी ब्लाऊज शिवणारी बाई, मला टेपनंच आधी कळलं. डावा टक्स, म्हणजे ब्लाऊजला छातीवर घालतात ती चुणी, उजव्यापेक्षा पाऊण इंच वर यायला लागला. मग कुशीवर झोपता येईना, मशीनवर वाकलं की कळ यायची.

भीती मात्र वेगळीच होती. बसवताना एक कार्ड देतात, कंपनी, नंबर, आकार सगळं त्यावर असतं. माझं कार्ड २०१९ च्या ऑगस्टात ट्रंकेसकट पुरात गेलं. आणि बरोबर त्याच्या आधी, जुलैत, अ‍ॅलर्गन कंपनीनं आपले खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट, म्हणजे याच सिलिकॉनच्या पिशव्या, जगभरातून माघारी बोलावलेले, कारण त्यांच्याभोवती क्वचित एका प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, होतो. माझे गुळगुळीत की खरखरीत? मुंबईच्या दवाखान्यानं "जुने कागद नाहीत" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून रोज अंघोळीच्या वेळी हात लावून बघायची, सूज आली का. कुणाला बोलले नाही. तुलाही नाही.

शेवटी मिरजेला दाखवलं. एमआरआयमध्ये डावी पिशवी आतल्या आत फाटलेली निघाली, जेल आवरणातच अडकून राहिलेलं. बाहेरून याचा पत्ता लागत नाही. डॉक्टर म्हणाले, नवे घालूया का? नको म्हटलं. पुन्हा कधीतरी हेच सगळं करायला पैसे कुठले, आणि खरं सांगू, मला त्या वजनाचा कंटाळा आला होता.

आधी महिनाभर मिश्री बंद करायला लावली. तंबाखूनं कातडीला रक्त कमी पोचतं, जखम भरत नाही. ऑपरेशनपेक्षा तेच जड गेलं. हॉर्मोनची गोळीही दोन आठवडे थांबवली, कारण तिच्यानं रक्तात गुठळी व्हायची शक्यता वाढते. सगळेच डॉक्टर थांबवत नाहीत, माझ्यांनी थांबवली. ते पंधरा दिवस मी आईवर नुसती खेकसत होते.

अ‍ॅडमिट होताना तिथल्या मावशींनी विचारलं, "पश्चात्ताप झाला व्हय?" म्हटलं, मांडीतला रॉड काढतात त्याला पायाचा पश्चात्ताप झालेला असतो का? त्या हसल्या आणि मला खिडकीजवळची कॉट दिली.

ऑपरेशन दोन तास चाललं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी डबी दाखवली. गुळगुळीत! इतकी वर्षं फुकट भ्याले. आवरणही तपासायला पाठवलं होतं, रिपोर्ट चांगला आला.

दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, टोकाला रबरी फुगा. त्यात साठलेलं पाणी आई दिवसातून दोनदा औषधाच्या मापानं मोजायची आणि माझ्या वहीत लिहायची. वर गिऱ्हाइकाची छाती ३८, कंबर ३४, आणि खाली "डावी ४५, उजवी ४०". पाचव्या दिवशी दिवसभराचं मिळून तीस मिलीच्या आत आलं, मग नळ्या निघाल्या.

एवढं सगळं करते आणि भाकरी वाढताना हळूच म्हणते, "एवढं केलंसच तर आता केस पण काप." तुझंच वाक्य, तिनं फक्त पुरं केलं. काल कळलं, ती हरिपूरला संगमेश्वरापुढं नारळ फोडून आली. माझ्या जखमेसाठी की तिच्या पोरासाठी, मी विचारलं नाही. तिच्याशी वाद घालायला छातीत जोर लागतो, तो अजून आलेला नाही.

तुला लाजायला होईल, पण वाच. सिलिकॉन गेलं तरी हॉर्मोननं जी माझी स्वतःची वाढली होती ती आहेच. ती कुठं जात नाही. कातडी मात्र सैल पडलीय, टक्स उसवल्यावर कापडावर जुन्या शिवणीची भोकं आणि चुण्या राहतात तशी. पहिल्यांदा पट्टी सोडून आरशात बघितलं आणि मोरीत बसून अर्धा तास रडले. पश्चात्ताप नाही म्हणते आणि रडतेही, आता याचं तू काय करशील ते कर. कातडी आवळायला काही महिने जातील म्हणतात. माप ३८ चं साडेपस्तीस झालंय. माझे स्वतःचे अकरा ब्लाऊज उसवायचे आहेत.

सध्या रात्रंदिवस घट्ट ब्रा, झोप पाठीवरच, दोन किलोच्या वर उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. असं सहा आठवडे, आणि तेही ऐन लग्नसराईत! काज-बटण आणि हातशिलाई तेवढी होते, इस्त्री शेजारची पोरगी करून देते.

तुझ्या आईचे दोन ब्लाऊज ऑपरेशनच्या आधीच शिवून ठेवलेत. पिशवी वरच्या फळीवर आहे. आलास की तूच काढून घे, माझा हात पोचत नाही.

तुझी,
मीना