चिठ्ठीतल्या चार ओळींबद्दल, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या दवाखान्यातून आमच्या मणक्याच्या ओपीडीत येणाऱ्या रुग्णाकडे एमआरआय असो-नसो, तुमची चिठ्ठी असतेच. दुखणं कधीपासून, कळ गुडघ्याखाली उतरते का, पायाच्या अंगठ्यात ताकद किती, लघवीची काय परिस्थिती, एवढं त्यात लिहिलेलं असतं. कोणाला आजच बघायचं आणि कोणाला पुढच्या आठवड्यात, हे त्यावरून लगेच ठरतं. त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. ते उघडं लिहितोय, कारण तुम्ही जे तपासता ते कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

पहिले आभार तुम्ही ज्यांना आमच्याकडे पाठवत नाही त्यांच्याबद्दल. सिलिंडर उचलताना कमरेत उसण भरली, दुखणं कमरेपुरतंच आहे, ताप नाही, पायात ताकद आहे, अशी बहुतेक माणसं चार ते सहा आठवड्यांत बरी होतात. त्यांना तुम्ही एक-दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू देत नाही. शेक घ्या, सोसेल तेवढं चाला, असं सांगता. वेदनाशामक गोळी देण्याआधी किडनी, बीपी आणि पित्ताची चौकशी करता. आणि लगेच एमआरआय लिहून देत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचे एमआरआय केले तरी विशीतल्या साधारण ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत दोन मणक्यांमधली चकती फुगलेली दिसते, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आढळलं होतं. असा रिपोर्ट हातात पडला की ‘मणक्यात गॅप आहे’ ही भीती घरात शिरते. माणूस वाकायचं सोडतो, महिनोन्‌महिने पट्टा बांधतो, आणि पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात.

तुमची तपासणी पाच मिनिटांची, पण नेमकी. रुग्णाला टाचांवर चालायला लावता, दोन्ही पायांचे अंगठे वर ओढायला सांगून बोटाने खाली दाबून बघता. एका बाजूचा अंगठा सहज खाली गेला, तर पाचव्या कंबर-मणक्याच्या नसेवर संशय. मग एका पायाच्या चवड्यावर उभं करून दहा वेळा टाच उचलायला लावता. हे उभ्यानेच करायला हवं. झोपवून हाताने जोर लावला तर पोटरीची थोडी कमजोरी लक्षात येत नाही, कारण तो स्नायू तपासणाऱ्याच्या हातापेक्षा जोरकस असतो. नुसती कळ पायात उतरते आणि ताकद शाबूत आहे, तर सहा आठवडे औषध-व्यायामाला द्यायला हरकत नसते. ताकद कमी होत चालली असेल तर मात्र वाट बघायची नाही. पाऊल लटकं पडलं की उशिराच्या प्रत्येक दिवसागणिक ते परत उचललं जाण्याची शक्यता घटते.

चपलेचा प्रश्न तर आम्ही आमच्या शिकाऊ डॉक्टरांनाही शिकवतो. चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटते, ते कळतंही, पण पायात धरून ठेवता येत नाही, तर ताकद गेली. निसटल्याचंच कळत नाही, तर संवेदना गेली. त्यासोबत पाय ताठरले असतील, तोल जात असेल, तर दाब मज्जारज्जूवर असतो, आणि मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. तिथे फक्त कमरेचा एमआरआय करून काही हाती लागत नाही. छातीचा आणि मानेचा भाग बघावा लागतो, आणि तुमच्या चिठ्ठीत तसं लिहिलेलं असतं.

लघवीचं विचारायला लोक लाजतात आणि विचारणारेही लाजतात. तुम्ही थेट विचारता: लघवी अडते का, नकळत होते का, शौचाला धुताना स्पर्श कळतो का? मांड्यांच्या आतली आणि गुदद्वाराभोवतीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांत कळ आली, लघवी तुंबली, तर कमरेतला सगळा नसांचा जुडगा दबलेला असू शकतो. याला कॉडा इक्विना म्हणतात. इथे त्याच दिवशी एमआरआय, आणि दाब दिसला तर शक्यतो २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया. उशीर झाला तर लघवीसाठी कायमची नळी लागण्याची वेळ येते. असा रुग्ण तुम्ही रात्री गाडी करून पाठवता आणि आधी फोन करता. त्या फोनमुळे ऑपरेशन थिएटर तयार ठेवता येतं.

सगळ्यात जास्त ऋण क्षयरोगाच्या रुग्णांबाबतचं. मणक्याचा टीबी हळूहळू वाढतो. आडवं झाल्यावरही न थांबणारं, रात्री जागवणारं दुखणं, संध्याकाळची कसर, कमी होणारं वजन. ताप सगळ्यांनाच येतो असं नाही, म्हणून तुम्ही वजनकाट्यावर उभं करता आणि मणक्यांवर एकेक करून हलकं ठोकून बघता. एकाच मणक्यावर रुग्ण दचकला, किंवा जमिनीवरची वस्तू उचलताना पाठ ताठ ठेवून उकिडवा बसला, की तुम्ही मसाज आणि मणका ‘बसवून’ घेणं बंद करायला सांगता. पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर तो खचू शकतो. साधा एक्सरे सुरुवातीला चांगला दिसतो, कारण हाडाचा बराच भाग झिजल्याशिवाय फिल्मवर उमटत नाही. म्हणून तुम्ही ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) बघून एमआरआयसाठी पाठवता, आणि मुख्य म्हणजे अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करत नाही. सुईने नमुना काढून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) केलं की जंतू औषधाला दाद देतो का ते कळतं. गोळ्या आधीच पोटात गेल्या तर कल्चरमध्ये जंतू वाढेलच याची खात्री नसते. पुढे निदान १२ महिने उपचार, सरकारी दवाखान्यात मोफत. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबलं की गोळ्या सोडणाऱ्यांना तुम्हीच परत धरून आणता.

विशी-तिशीतल्या मुलांना सकाळी अर्धा तास आणि जास्त कंबर आखडलेली असते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, त्यांना तुम्ही संधिवाततज्ज्ञांकडे पाठवता, तेही योग्यच. साठी उलटलेल्या बाईंना एसटीच्या एका दणक्याने पाठीत कळ आली, तर ठिसूळ मणका खचला असं धरून एक्सरे काढता. पूर्वी स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्याची नवी पाठदुखी तुम्ही थांबवून ठेवत नाही.

आता दोन विनंत्या. आधी कुठे स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याची तारीख चिठ्ठीत टाका. त्याने ताप आणि दुखणं काही दिवस दबतं आणि आमची दिशाभूल होते. आणि लघवीची शंका असेल तर तुमच्या शेजारच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये, लघवी करून आल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते मोजून पाठवा. २०० मिलीच्या वर आकडा असेल तर रुग्णाला ओपीडीच्या रांगेत न बसवता थेट कॅज्युअल्टीत पाठवा, आम्ही तिथे येतो.

आपले,
मणक्याच्या ओपीडीतले डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट