दारू सोडायची भीती वाटते म्हणालास, त्याबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रात बाकी सगळं आडवळणाने आलंय, एकच वाक्य सरळ आहे : ‘सोडायची आहे, पण सोडायचीच भीती वाटते.’ मी त्या एका वाक्यालाच उत्तर देतो. ही भीती म्हणजे भेकडपणा नव्हे. सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी घोट लागणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद करणं खरोखर धोक्याचं असतं. म्हणून पहिली विनंती ही, की उद्यापासून शपथ घेऊन बाटली फेकू नकोस. डॉक्टरांकडे जाईपर्यंत एकदम बंद करायचं नाही, वाढवायचंही नाही.

असं का, ते सांगतो. दारू मेंदूला दाबून शांत करते. रोज तोच दाब पडला की तोल सांभाळायला मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक काढली की दाब जातो आणि वाढलेली उत्तेजना तशीच उरते. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. कुणाला याच काळात नसलेले आवाज ऐकू येतात, भिंतीवर किडे दिसतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना ताप, गोंधळ, माणसं न ओळखणं असा गंभीर त्रास होतो. त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न मिळाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. श्रावण पाळायचा म्हणून किंवा माळ घातली म्हणून एका दिवसात सोडणारी माणसं तिसऱ्या दिवशी भ्रमात जातात, आणि घरचे त्याला बाहेरची बाधा समजतात. माळ जरूर घाल, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे पहिले आठ-दहा दिवस उलटल्यावर.

यावर चांगले उपचार आहेत. मेंदूची ही वाढलेली उत्तेजना शमवायला मानसोपचारतज्ज्ञ क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम या गोळ्या देतात, यकृत बिघडलेलं असेल तर बहुधा लोराझेपाम. डोस सुरुवातीला जास्त, मग रोज थोडा कमी करत साधारण आठवडाभरात बंद. या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नकोस. वरून दारू घेतली तर श्वास मंदावतो, आणि त्या लांबल्या तर त्यांचीच सवय लागते.

दुसरी गोष्ट थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. फार पिणाऱ्याच्या अंगात ते बहुधा पुरेसं उरलेलं नसतं. आपल्याकडे अशक्तपणा आला की ‘एक सलाइन लावा’ म्हणतात. ती ग्लुकोजची असेल आणि थायमिन दिलेलं नसेल, तर मेंदूला इजा होऊ शकते : चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस बरळायला लागतो, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात सलाइनवर पडलास तर ‘मी रोज पितो, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या’ हे तोंडाने सांगायचं. लाजायचं नाही.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर शब्द गिळले जातात. ‘थोडी घेतो’ असं लिहू नकोस, मिलिलिटरमध्ये लिही. एका क्वार्टरमध्ये १८० मिली, म्हणजे सहा पेग आणि जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे जवळपास चार पेग, तीही मोजात धर. किती वर्षं पितोस, शेवटचा घोट किती वाजता घेतलास, सकाळी लागते का, पूर्वी सोडताना फिट किंवा भास झाले होते का, झोपेची कुठली गोळी घेतोस का, शुगर, बीपी, कावीळ, काळी शौचास किंवा रक्ताची उलटी, आणि मरावंसं वाटतं का. शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण तोही लिही. घरी औषध द्यायचं की दाखल करून घ्यायचं, हे डॉक्टर यावरूनच ठरवतात. पूर्वी फिट आली असेल, घरी चोवीस तास थांबणारं माणूस नसेल किंवा दुसरा मोठा आजार असेल, तर दाखलच हो. दर वेळी सोडून पुन्हा धरलं की पुढच्या वेळचा त्रास बहुधा वाढतो. मागच्या खेपेला नुसता घाम आला होता, म्हणून या वेळीही तेवढंच होईल असं धरून चालू नकोस.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात मानसोपचाराची ओपीडी असते, खर्च थोडका येतो. फक्त ओपीडीचे वार आधी विचारून घे. जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दोन्ही मोफत. लोकांना कळेल याची भीती तुला सगळ्यात जास्त दिसते. तर ऐक, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहणं हा तुझा हक्क केला आहे. कामावर आजारपणाची रजा टाक, कारणाचं पाल्हाळ लावायची गरज नाही.

निवासी केंद्र निवडताना मात्र डोळस राहा. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, तिथे काही आठवड्यांचे निवासी उपचार आणि नंतर नियमित फॉलोअप असतो. दुसरीकडे जाणार असशील तर नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचार. घरातून उचलून नेऊ, मारून-बांधून सुधारू असं कुणी म्हणालं तर तिथे पाऊल टाकू नकोस.

वहिनींना सांगावंच लागेल, आणि औषध सुरू व्हायच्या आधी. पूर्ण कबुलीजबाब नको, तीन वाक्यं पुरेत : ‘मला सोडायची आहे. एकट्याने जमणार नाही, जिवाला धोका आहे. डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चल.’ घरी उपचार झाले तर पहिले चार दिवस गोळ्या त्यांच्या ताब्यात ठेव. फिट आली, ताप चढला, असंबद्ध बोलणं किंवा भास सुरू झाले, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन. फिट येत असताना कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही.

आणि वहिनींना हेही सांग, की ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पूड जेवणात मिसळायची नाही. त्यात काय असतं ते कुणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर चेहरा लालभडक होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ते औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून आणि शेवटच्या पेगनंतर किमान एक दिवस गेल्यावरच. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. ओढ कमी करायला नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट मिळतं. पहिलं देताना यकृत तपासतात, दुसऱ्याला मूत्रपिंड. पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेत असशील तर सांग, नालट्रेक्सोनबरोबर ते चालत नाही.

आठवड्याने शरीर सावरतं, पण झोप महिना-दोन महिने नीट लागत नाही, चिडचिड राहते. ‘सोडून काय मिळालं’ असं तेव्हाच वाटतं, आणि बहुतेकांचे पाय तिथेच परत वळतात. या काळात माणसं लागतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत एका शेअर दलालाने आणि एका शल्यविशारदाने सुरू केलं, दोघेही पिणारे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. मराठी मीटिंगा आहेत. पहिल्या दिवशी मागे बसून नुसतं ऐकलंस तरी चालतं. घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट वेगळे असतात, वहिनींना तिथे त्यांच्यासारख्याच बायका भेटतील.

संध्याकाळी सात ते नऊ ही तुझी अवघड वेळ. तेव्हा पोटभर जेवून घे. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यांतलं काही असलं की ओढ वाढते. ती लाट बहुधा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ कुणाशी तरी फोनवर बोल. पगाराच्या दिवशी पैसे वहिनींच्या खात्यावर टाक. कार्यालयातल्या पार्टीला पहिले सहा महिने जाऊच नकोस. एखादा दिवस घसरलास तर लपवू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. लपवलेला एक पेग दोन दिवसांत क्वार्टर होतो.

ओपीडीचा वार कळला की मला कळव. मी आदल्या संध्याकाळी येतो आणि मुक्कामाला राहतो. सकाळी केसपेपरच्या रांगेत मी उभा राहीन, तू आणि वहिनी बाकावर बसा. वर सांगितलेला कागद मात्र आज रात्रीच लिहून ठेव, आणि जुने रिपोर्ट असतील तर त्याच पिशवीत घाल.

तुझा,
विलास