वगळण्यापेक्षा इशारा बरा

मुक्त लिनक्स वितरणांनी (लिनक्स प्रणालीच्या तयार संचांनी) खासगी एआय सेवांची क्लायंट सॉफ्टवेअर, म्हणजे आपल्या संगणकावरून त्या सेवेला जोडणारी सॉफ्टवेअर, आपल्या भांडारात (पॅकेजांच्या अधिकृत साठ्यात) घेऊ नयेत, असे मांडणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यातली चिंता रास्त आहे, उपाय मात्र पटला नाही. क्लायंटचा कोड खुला असला तरी आपला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथे त्याचे काय होते हे बाहेरच्या कुणाला तपासता येत नाही, हे खरेच. पण ही अडचण नवी नाही. गप्पांसाठीच्या याहू मेसेंजरची सेवा बंदिस्तच होती. तरी तिला जोडून देणारे पिजिन हे मुक्त सॉफ्टवेअर डेबियन या लिनक्स वितरणाच्या मुख्य विभागात (जिथे फक्त मुक्त सॉफ्टवेअर असते) वर्षानुवर्षे होते. शिवाय भांडारातून वगळल्याने वापर थांबत नाही. नाशिकमधल्या आमच्या संगणक वर्गातली मुले कंपनीच्या संकेतस्थळावरची आज्ञेची एक ओळ उचलून टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवतात, तीही ‘सुडो’ लावून, म्हणजे तिला संगणकाचे सर्वाधिकार देऊन! भांडारातले पॅकेज निदान देखभाल करणाऱ्याच्या हातून आलेले आणि डिजिटल स्वाक्षरीने पडताळलेले असते. अँड्रॉइडसाठीचे एफ-ड्रॉइड हे मुक्त अ‍ॅपचे भांडार अशी अ‍ॅप सरसकट नाकारत नाही. बंदिस्त सेवेवर अवलंबून असल्याचा इशारा त्यांच्या पानावर देते. डेबियन, फेडोरा या वितरणांनीही पॅकेज बसवण्यापूर्वी असा इशारा दाखवावा आणि ही पॅकेजे मूळ स्थापनेत आपोआप येणार नाहीत, एवढे पाहावे.

– एक संगणक शिक्षक, नाशिक रोड